आधी फेज स्वच्छ, मग प्रश्न

जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफेज, माणसाच्या पेशीत वाढू शकत नाही. माझ्या कामातला फेज टी-४. त्याच्या शेपटीचे लांब धागे ई. कोलाय जिवाणूच्या पृष्ठभागावरचं ओम्पसी हे प्रथिन किंवा तिथल्या लिपोपॉलिसॅकराइड या मेद आणि शर्करेच्या रेणूच्या साखळ्या हुडकतात. पकड नीट बसली की शेपूट आकुंचन पावते आणि डोक्यातला डीएनए जिवाणूत उतरतो. माणसाच्या पेशीवर त्या धाग्यांना धरायला काही नसतं. संशोधनाचा विषय सांगितला की समोरचा मला हेच ऐकवायचा आणि विचारायचा, मग यात शोधायचं काय उरलं?

वाढता येत नाही म्हणून भेटही होत नाही, असं मात्र नाही. आपल्या आतड्यात फेज अफाट संख्येने असतात. जेरेमी बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी फेज एका बाजूने आत घेतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सोडतात. त्यावरून त्यांनी केलेला अंदाज असा, की दिवसाला सुमारे ३१ अब्ज फेज आतड्यातून शरीरात शिरत असावेत. शिवाय प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर उपचार म्हणून फेज थेट शिरेतून देण्याचे प्रयत्न आता होतात. अशा वेळी रक्तात आलेल्या कणांची फार लवकर गाठ पडते ती भक्षक पेशींशी, म्हणजे मॅक्रोफेजशी. या पेशी त्यांना खातात का? खाल्ल्यावर इतर पेशींना हाका घालतात, की गप्प राहतात? माझा प्रश्न एवढाच होता. त्याचं उत्तर शोधताना माझा बहुतेक वेळ पेशींवर गेलाच नाही. तो फेज स्वच्छ करण्यात गेला, आणि या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे असं मला मनापासून वाटतं.

फेज वाढवायला जिवाणू लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. ई. कोलायचं कल्चर ३७ अंशांवर हलवत ठेवायचं आणि ते जोमाने वाढू लागलं की त्यात थोडे फेज सोडायचे. जिवाणूत शिरलेला टी-४ साधारण अर्ध्या तासात शंभराहून जास्त नवे कण तयार करतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. ते कण पुढच्या जिवाणूंना गाठतात. काही तासांत फ्लास्कमधला गढूळपणा जातो, द्रव निवळतो आणि त्यात तुटक धागे तरंगताना दिसतात. पहिल्यांदा निवळलेला फ्लास्क मी दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिले होते. इतका मोठा संहार आणि डोळ्यांना दिसतं ते फक्त पाणी स्वच्छ झाल्यासारखं.

पण ते पाणी स्वच्छ नसतं. या द्रवाला लायसेट म्हणतात. त्यात फेज असतात तसे फुटलेल्या अब्जावधी जिवाणूंचे अवशेषही असतात: बाह्यपटलाचे तुकडे, लिपोपॉलिसॅकराइड, लिपोप्रथिनं, फ्लॅजेलिन, पेप्टिडोग्लायकन, सुटा डीएनए. आपल्या प्रतिकारपेशी नेमक्या याच गोष्टी ओळखायला घडलेल्या आहेत. टीएलआर-४ हा ग्राहक, म्हणजे खुणा ओळखणारं पेशीचं प्रथिन, लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो, टीएलआर-५ फ्लॅजेलिन, टीएलआर-२ लिपोप्रथिनं. टीएलआर-९ पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये बसून जिवाणूंच्या डीएनएवर लक्ष ठेवतो. म्हणजे लायसेट तसंच पेशींवर टाकलं, तर चिखलातून चालत आलेला माणूस दारात उभा राहिला की घरातले आधी चिखलाकडे बघतात, तसं होणार.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला सुरुवातीला मुद्दाम कच्चं लायसेट, नुसतं गाळून, पेशींवर टाकायला लावलं. "उत्तर काय येणार ते आपल्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण तू ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. म्हणजे पुढे कुणाचाही आलेख वाचताना आधी पद्धतीचं पान उघडशील." दुसऱ्या दिवशी एलायझाच्या, म्हणजे प्रथिनं रंगावरून मोजणाऱ्या चाचणीच्या, प्लेटमधले सगळे खळगे गडद पिवळे झाले. टीएनएफ आणि आयएल-६ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनांची पातळी मोजपट्टीच्या बाहेर. त्या प्लेटचा फोटो घेऊन 'फेजमुळे तीव्र दाह' असं खाली लिहिलं असतं तर चित्र म्हणून ते अगदी पटण्यासारखं दिसलं असतं. फेज आणि प्रतिकारशक्ती यांवरचं जुनं लिखाण वाचताना ती प्लेट मला आजही आठवते, आणि मी खरोखरच आधी पद्धतीचं पान उघडते.

शुद्धीकरणाचे पहिले टप्पे पाठ होतात. थोडं क्लोरोफॉर्म घालून उरलेले जिवाणू फोडायचे, सेंट्रीफ्यूज करून जड गाळ खाली बसवायचा, वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचा. सुटा डीएनए आणि आरएनए तोडायला एन्झाइम घालायचं. फेजचा स्वतःचा डीएनए कवचात असल्याने त्याला यातून धक्का लागत नाही. मग पीईजी हे बहुलक आणि मीठ घालून रात्रभर थंडीत ठेवलं की फेज एकमेकांना चिकटून खाली बसतात. सकाळी नळीच्या तळाशी पांढुरका डाग दिसतो. तो बफरमध्ये विरघळवताना पिपेट जोरात मारायचा नाही, टी-४ च्या शेपट्या तुटतात. बफरमध्ये मॅग्नेशियम हवं, नाहीतर कण टिकत नाहीत. बरेच जण बफरमध्ये जिलेटिनही घालतात, पण पेशींवर जाणाऱ्या नमुन्यात परकं प्रथिन नको म्हणून मी ते वगळलं.

पुढचा टप्पा सीझियम क्लोराइडचा. वेगवेगळ्या घनतेचे थर एका पातळ नळीत एकावर एक हळुवार रचायचे, वर फेज सोडायचे आणि अल्ट्रासेंट्रीफ्यूजमध्ये तासन्‌तास फिरवायचे. प्रत्येक वस्तू आपापल्या घनतेच्या थरात जाऊन थांबते. प्रथिनं वर राहतात, फेज मिलिलिटरला दीड ग्रॅमच्या आसपासच्या थरात येतात. नळी बाहेर काढून काळ्या कागदासमोर धरली की मध्ये निळसर झाक असलेली एक पांढरी पट्टी दिसते. ती पट्टी म्हणजे दाटीवाटीने थांबलेले फेज. नळीला बाजूने सुई टोचून ती अलगद ओढून घ्यायची. हे काम मला कधीच कंटाळवाणं वाटलं नाही. टी-४ चा एक कण जेमतेम २०० नॅनोमीटर लांब, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगालाही धड न दिसणारा. तो असा पट्टी होऊन साध्या डोळ्यांना दिसतो याचं मला प्रत्येक वेळी तितकंच अप्रूप वाटलं.

इतकं करूनही एंडोटॉक्सिन जात नाही. एंडोटॉक्सिन म्हणजेच तो लिपोपॉलिसॅकराइड. तो एकटा फिरत नाही, त्याचे रेणू एकत्र येऊन मोठाले पुंजके करतात, त्यामुळे डायलिसिसच्या पिशवीतून ते सुटत नाहीत. वर तो काही फेजच्या कणांनाच चिकटून राहतो, आणि टी-४ तर त्याला धरण्यासाठीच घडलेला. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने तो नष्ट होत नाही. काचेची भांडी त्यापासून मुक्त करायची तर कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास ठेवावी लागतात. आणि माणसाचे मोनोसाइट, म्हणजे ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्याच्याबाबत विलक्षण हळवे. मिलिलिटरला काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग, एवढ्यानेही ते जागे होतात.

तो काढायला आम्ही दोन वाटा वापरल्या. एक ऑक्टेनॉलची: फेजच्या द्रवात ऑक्टेनॉल मिसळून हलवलं की एंडोटॉक्सिनचा मोठा भाग त्या तेलकट थरात जातो आणि फेज पाण्यात राहतात. मग उरलेलं ऑक्टेनॉल डायलिसिसने घालवत बसायचं, कारण तेही पेशींना सोसत नाही. दुसरी वाट ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटची. बर्फावर ते पाण्यात एकजीव होतं, ३७ अंशांवर आणलं की वेगळं होऊन खाली बसतं आणि एंडोटॉक्सिन सोबत घेऊन जातं. थंड, गरम, सेंट्रीफ्यूज, वरचा थर काढ, पुन्हा थंड. प्रत्येक फेरीत थोडे फेजही हातचे जातात, म्हणून दर फेरीनंतर प्लाक मोजायचे. अगरच्या प्लेटवर जिवाणूंचा सलग पांढरट थर वाढतो आणि जिथे फेज पडला तिथे गोल पारदर्शक खिडकी उघडते, ती प्लाक. खिडक्या मोजल्या की जिवंत फेज किती ते कळतं. स्वच्छता आणि संख्या यांची ही ओढाताण शेवटपर्यंत चालू राहिली.

स्वच्छ झालं हे कळतं एलएएल चाचणीने. हॉर्सशू क्रॅब या समुद्रजीवाच्या रक्तपेशींचा अर्क एंडोटॉक्सिनच्या स्पर्शाने साकळतो, त्यावर ही चाचणी उभी आहे. आता त्यातला फॅक्टर सी प्रयोगशाळेत तयार करून त्या जीवाचं रक्त न घेताही ती करता येते, आणि मला ती जास्त आवडते. शिरेतून द्यायच्या औषधाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे तासाला ५ एंडोटॉक्सिन युनिट ही सर्वमान्य मर्यादा आहे. पेशींच्या प्रयोगाला मात्र ती मर्यादा पुरत नाही. रोग्याच्या रक्तात औषध पसरून विरळ होतं, माझ्या प्लेटच्या खळग्यात पेशी त्या थेंबात बुडून बसलेल्या असतात.

आता पेशी. संमती देऊन रक्त देणारे स्वयंसेवक होते, आचारसमितीची परवानगी होती. रक्त फिकॉल या दाट द्रवाच्या थरावर हळूच सोडून फिरवलं की लाल पेशी खाली जातात आणि मधोमध पांढऱ्या पेशींचं धुरकट कडं उरतं. त्यातून मोनोसाइट वेगळे करायचे आणि एम-सीएसएफ हे वाढीचं प्रथिन घालून साधारण आठवडाभर सांभाळायचे. गोल मोनोसाइट तळाला चिकटतात, पसरतात, कडांना हात फुटल्यासारखे दिसू लागतात. हे झाले मॅक्रोफेज. टीएचपी-१ ही तयार पेशीमालिकाही मी वापरली. ती सोयीची आहे, रोज तशीच वागते. पण ती मुळात रक्ताच्या कर्करोगातून आलेली आहे, आणि ताज्या रक्तातल्या पेशींइतका भरवसा मी तिच्यावर ठेवत नाही.

प्रयोगाचा खरा कणा होता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. नुसता बफर हवाच. नमुन्यात जेवढं एंडोटॉक्सिन उरलं असेल तेवढंच मुद्दाम घातलेला खळगा हवा. पॉलिमिक्सिन बी घातलेला खळगा हवा, कारण ते लिपोपॉलिसॅकराइडला बांधून ठेवतं. पण पॉलिमिक्सिन फ्लॅजेलिनला किंवा लिपोप्रथिनांना बांधत नाही, म्हणून त्याच्यावर विसंबून फेज स्वच्छ असल्याचा दावा करणं मला अपुरं वाटतं. त्यासाठी आणखी एक कंट्रोल आम्ही केला, तो सगळ्यात किचकट. फेज न घालता तेवढेच जिवाणू ध्वनिलहरींनी फोडले आणि त्यांचा अर्क फेजच्या बरोबरीने प्रत्येक टप्प्यातून नेला. तेच फिल्टर, तोच सीझियमचा थर, ज्या उंचीवर फेजची पट्टी मिळते त्याच उंचीवरून सुईने ओढलेला रिकामा द्रव. दुप्पट काम, आणि त्या नळीत दिसत काहीच नाही. पण 'हे फेजमुळे झालं' हे वाक्य उच्चारायचा हक्क मला त्या रिकाम्या नळीने दिला.

धुतलेल्या टी-४ ला मॅक्रोफेजनी दिलेलं उत्तर जेमतेम होतं. टीएनएफ आणि आयएल-६ बफरच्या पातळीपासून फारसे हलले नाहीत. व्रोत्सवाफमधल्या हिर्शफेल्ड संस्थेतल्या संशोधकांनी टी-४ बद्दल २०१३ मध्ये हेच नोंदवलं होतं: शुद्ध केलेला टी-४ आणि त्याच्या डोक्यावरची प्रथिनं दाहाचे संदेश चेतवत नाहीत. आयएल-१० हा दाह शमवणारा संदेश मात्र काही स्वयंसेवकांच्या पेशींत किंचित वर गेला, काहींच्यात नाही. माणसामाणसांत एवढा फरक पडतो की तीन-चार जणांच्या रक्तावरून ठाम विधान करायची मला हिंमत होत नाही. मात्र टी-४ गप्प म्हणून सगळेच फेज गप्प, हेही खरं नाही. योनास व्हॅन बेलेगेम आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुडोमोनास जिवाणूचे चार आणि स्टॅफिलोकॉकस जिवाणूचा एक असे पाच फेज पांढऱ्या पेशींवर तपासले. पेशींनी उत्तर दिलं आणि त्याचा कल मुख्यतः दाह शमवण्याकडे होता. स्टॅफिलोकॉकसच्या बाह्यांगात लिपोपॉलिसॅकराइड नसतोच, तरी त्याच्या फेजला मिळालेलं उत्तर इतरांसारखंच होतं. एंडोटॉक्सिनच्या शंकेला याहून चांगलं उत्तर मिळणं कठीण.

पेशी गप्प राहिल्या, तेव्हा साहजिकच पुढचा प्रश्न आला: त्यांनी फेज आत घेतला तरी का? फेजचा डीएनए चमकणाऱ्या रंगाने रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर पेशीच्या आत हिरवे ठिपके स्पष्ट दिसत होते. या ठिपक्यांवर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. सुटा राहिलेला रंगही पेशीत जाऊन ठिपके करू शकतो, म्हणून फेजशिवायचा रंगही सगळ्या धुण्यातून नेऊन तपासावा लागतो. पेशी ४ अंशांवर ठेवल्या की फेज बाहेरच चिकटून राहिले. पेशीचा आतला सांगाडा सायटोकॅलेसिनने थोपवला की आत जाणं बरंच घटलं. म्हणजे पेशी ओढून घेत होती, कण आपणहून शिरत नव्हता.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. पेशी धुऊन, फोडून, आतल्या फेजचे प्लाक मोजले. पहिल्या तासात भरपूर खिडक्या, नंतर वेगाने कमी, दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीतच. भक्षक पेशीने फेज पचवला, असं म्हणून इथेच थांबता आलं असतं. पण त्याच नमुन्यांत क्यूपीसीआरने फेजचा डीएनए मोजला, तर तो त्यामानाने बराच जास्त काळ टिकून होता. जिवाणूला मारायची ताकद गेली तरी कणाचे अवशेष आत रेंगाळतात. आणि ते रेंगाळतात कुठे, तर आम्ल होत जाणाऱ्या त्याच पिशव्यांमध्ये जिथे टीएलआर-९ आणि आरएनए ओळखणारा टीएलआर-३ बसलेले असतात. कवच फुटलं की डीएनए टीएलआर-९ समोर उघडा पडतो. प्लाक मोजणाऱ्याच्या दृष्टीने संपलेला फेज प्रतिकारपेशीच्या दृष्टीने तिथून पुढे सुरू होतो.

मग माझ्या मॅक्रोफेजमध्ये टीएलआर-९ का बोलला नाही? एक कारण असं, की माणसात तो ग्राहक मुख्यतः प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी आणि बी पेशींमध्ये असतो. उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये मात्र तो चांगला असतो. २०१९ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात आतड्यातल्या फेजनी टीएलआर-९ च्या वाटेने इंटरफेरॉन-गॅमा हा दाहाचा संदेश वाढवला आणि आतड्याचा दाह बळावला, असं दिसलं होतं. तो निष्कर्ष महत्त्वाचा आहेच, पण उंदराची कोणती पेशी बोलली आणि माणसाची कोणती बोलेल, हे वेगळं तपासायला हवं. दुसरं कारण टी-४ चं स्वतःचं: त्याच्या डीएनएत साध्या सायटोसिनऐवजी हायड्रॉक्सिमिथाइल सायटोसिन असतो आणि त्यावर ग्लुकोज जडवलेलं असतं. जिवाणूंच्या डीएनए कापणाऱ्या कात्र्यांपासून वाचायला त्याने घेतलेलं हे सोंग. माणसाच्या ग्राहकांपुढेही ते कामाला येत असेल का, हा मला आजही भुरळ घालणारा प्रश्न आहे.

त्याच वर्षी पॉल बॉलीकी यांच्या गटाने सायन्स या नियतकालिकात मांडलेलं सुडोमोनासच्या पीएफ फेजचं काम वाचल्यावर मी माझी प्रयोगवही पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढली होती. पीएफ हा धाग्यासारखा फेज. तो जिवाणूला फोडत नाही, त्याच्या आतून वाहत बाहेर येत राहतो. प्रतिकारपेशी तो गिळतात, आत त्याच्या डीएनएवरून आरएनए तयार होतो आणि टीएलआर-३ तो ओळखतो. पेशीला वाटतं समोर विषाणू आहे. ती विषाणूविरोधी इंटरफेरॉन सोडते, आणि त्या भरात टीएनएफ घटतो, जिवाणू गिळण्याचं कामही मंदावतं. जखमेतला सुडोमोनास त्यामुळे निभावून जातो. फेज इथे जिवाणूचा शत्रू उरलेला नाही, साथीदार झाला आहे. पीएफविरुद्ध लस किंवा प्रतिपिंडं दिली तर उंदरांच्या जखमांतला संसर्ग रोखता येतो, हेही त्यांनी दाखवलं. फेज म्हटलं की जिवाणूंचा मारेकरी, हे समीकरण माझ्या डोक्यातून तेव्हा कायमचं गेलं.

माझ्या कामाला यानंतर वळण लागलं ते सीरममुळे. तोपर्यंतचे प्रयोग मी उष्णतेने निष्क्रिय केलेल्या सीरममध्ये करत होते. ५६ अंशांवर अर्धा तास ठेवलं की पूरक प्रणालीची, म्हणजे प्रतिपिंडांना साथ देणारी रक्तातली, प्रथिनं निकामी होतात, ही नेहमीची पद्धत. मग स्वयंसेवकांचं स्वतःचं ताजं सीरम घातलं. तेच फेज, त्याच पेशी, पण आता आत जाणारे फेज लक्षणीय वाढले. काही सीरममध्ये तर पेशी नसतानाही प्लाक घटत होते. म्हणजे त्या माणसाच्या रक्तात टी-४ विरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून होती. कुणालाही फेज टोचलेला नव्हता. क्रिस्तिना दाब्रोव्स्का आणि सहकाऱ्यांनी बहुसंख्य निरोगी माणसांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असल्याचं २०१४ मध्ये दाखवलंच होतं. आतड्यातल्या ई. कोलायबरोबर राहणारे टी-४ चे भाऊबंद आपल्या प्रतिकारशक्तीला जन्मभर भेटत असतात, त्याची ही नोंद.

फेजची आपल्या शरीराला नीट ओळख पटते याचा डॉक्टरांनी फार पूर्वीपासून उपयोगही करून घेतला आहे. फाय-एक्स-१७४ या चिमुकल्या फेजचा ५३८६ अक्षरांचा डीएनए १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने वाचला, म्हणून तो प्रसिद्ध. पण प्रतिकारशक्तीचा जन्मजात अभाव असलेल्या रुग्णांना तो शिरेतून देऊन, त्यांच्या बी पेशी प्रतिपिंडं बनवतात का, आयजीएम या सुरुवातीच्या प्रतिपिंडांवरून आयजीजी या नंतरच्या प्रतिपिंडांवर जातात का, हे तपासण्यासाठीही तो कित्येक वर्षं वापरला गेला. माणसाला त्यापासून संसर्ग नाही, आणि बहुतेकांच्या शरीराला तो आधी भेटलेला नसतो, म्हणून उत्तर स्वच्छ मिळतं.

उपचाराच्या बाजूने बघितलं की हेच ज्ञान चिंतेचं होतं. १९६९ मध्ये उंदरांवर दिसलं होतं की शिरेतून दिलेल्या टी-४ पैकी ९९ टक्क्यांहून अधिक कण अर्ध्या तासात यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात. ती गिळंकृती टाळणारे फेज निवडता येतात का, हे कार्ल मेरिल यांनी १९९६ मध्ये करून दाखवलं: लॅम्डा फेज उंदरात सोडायचा, रक्तात टिकून राहिलेले कण गोळा करायचे, वाढवून पुन्हा सोडायचे. शेवटी उरलेल्या फेजच्या कवचाच्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. प्रतिपिंडांचं कोडं मात्र अशा एका बदलाने सुटत नाही. २०२१ मध्ये मायकोबॅक्टेरियम ॲब्सेससचा फुप्फुसाचा संसर्ग असलेल्या ८१ वर्षांच्या एका रुग्णाचा अनुभव प्रसिद्ध झाला. फेज दिल्यावर आधी जिवाणू कमी झाले, पण पुढे रक्तात फेजला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं उभी राहिली आणि उपचाराचा जोर ओसरला. त्यांची प्रतिकारशक्ती धडधाकट होती, आणि अडचण तीच झाली.

याच्या उलट टोकाला ड्वेन रोच आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं काम आहे. उंदरांच्या फुप्फुसातल्या सुडोमोनासवर फेज दिला, तर न्यूट्रोफिल या जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी शाबूत असलेले उंदीर वाचले आणि न्यूट्रोफिल नसलेल्यांत फेजला दाद न देणारे जिवाणू माजले. फेजने बहुतेक जिवाणू मारायचे आणि निसटलेले न्यूट्रोफिलनी टिपायचे, अशी ती जोडी. मी न्यूट्रोफिलवरही काम करायचा प्रयत्न केला, पण ते रक्तातून काढल्यावर फार काळ जगत नाहीत. सकाळी रक्त आलं की त्याच दिवशी सगळं आटपायचं. ते काम आता माझ्या सहकाऱ्याकडे आहे, आणि त्याच्या हाताला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

सध्या मी प्रतिपिंडांनी मढलेल्या टी-४ वर काम करते आहे. असा कण मॅक्रोफेजमध्ये प्रतिपिंडाची शेपटी धरणाऱ्या एफसी ग्राहकाच्या दारातून जातो, आणि ते दार नुसतं आत घेण्याचं नाही, त्याला स्वतःचा आवाज आहे. उघडा टी-४ पेशीला गप्प ठेवतो, तर मढलेला टी-४ तिला बोलतं करतो का, आणि केलंच तर कोणत्या माणसाच्या प्रतिपिंडांनी? यासाठी प्रत्येक स्वयंसेवकाच्या सीरमपासून आयजीजी वेगळं काढावं लागतं. त्या कामाच्या गाळणीवजा स्तंभांनाही एंडोटॉक्सिन चिकटतं, त्यामुळे आता फेजबरोबर प्रतिपिंडंही धुते आहे. एलएएलच्या प्लेटमध्ये एक रकाना फेजचा, एक रिकाम्या नळीचा, एक प्रतिपिंडांचा. तिन्ही रकाने खालच्या मर्यादेत आल्याशिवाय पेशींचा डबा इन्क्युबेटरमधून बाहेर काढायचा नाही, हा नियम मी नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनाही लावला आहे, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनाही कच्च्या लायसेटची ती पिवळी प्लेट करायला लावते.